विद्यापीठाचे नकाशे बंद झाले, आता पावसाचा अंदाज कसा बघायचा?

परदेशातल्या एका विद्यापीठाच्या पानावर आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरची काही शेतकरी मंडळी जीएफएस या हवामान अंदाजाच्या कॉम्प्युटर मॉडेलचे नकाशे बघायचो. तिथं आता लॉगिन मागतात. नेमकी धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीतली) तोंडावर आलेली, त्यामुळं गावात बऱ्याच जणांना घोर लागला. पण विद्यापीठ नुसती चित्रं काढत होतं. त्यामागचे आकडे अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचे, आणि ते आजही कुणालाही फुकट मिळतात.

कॉम्प्युटरवर नोआचं ‘नोमॅड्स’ (NOMADS) हे आकडे उतरवायचं पान उघडा आणि जीएफएस ०.२५ अंशाच्या ओळीतल्या ‘ग्रिब फिल्टर’मध्ये (grib filter) शिरा, तिथं हवा तेवढाच भाग निवडता येतो. अख्खी फाइल शेकडो एमबीची असते, ती घेऊ नका. रेखांश ७२ ते ७७ आणि अक्षांश १४ ते १८ एवढाच तुकडा मागा. कोकण किनाऱ्यापासून अथणीच्या पुढपर्यंत सगळं त्यात येतं. वाऱ्यासाठी ८५० मिलिबारची पातळी निवडा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंची. पावसासाठी ‘एपीसीपी’वर (APCP, म्हणजे साठत गेलेला पाऊस) खूण करा. फाइल नासाच्या ‘पॅनोप्ली’ (Panoply) या प्रोग्रॅममध्ये उघडते, तेही फुकट आहे.

खरी गफलत पावसाच्या आकड्यात होते. तो दोन तऱ्हांनी येतो: एक मागच्या फार तर सहा तासांचा, दुसरा रन (म्हणजे मॉडेलनं एका ठरावीक वेळेपासून केलेलं गणित) सुरू झाल्यापासूनचा एकूण. एकूण आकडाच उद्याचा पाऊस समजलात, तर उगाच महापूर दिसेल. हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतं. म्हणून आपल्या पहाटे साडेपाचचा, म्हणजे ०० यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) रन घ्या आणि २७व्या तासाच्या एकूण आकड्यातून ३ऱ्या तासाचा वजा करा. बरोबर तेच चोवीस तास हाती येतात. हा रन सकाळी नऊनंतर उतरायला लागतो.

आणखी एक सांगतो, कारण आमच्याकडं घाट जवळ आहे. या फाइलीतला एक चौकोन सुमारे २८ किलोमीटरचा. येळ्ळूर ते घाटमाथ्यावरचं कणकुंबी एखाद-दुसराच चौकोन पडतो, पण दोन्हीकडच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळं आपल्या चौकोनातला आकडा जसाच्या तसा धरू नका. शिवारात पर्जन्यमापक ठेवा, रोज साडेआठला मोजा आणि मॉडेलचा आकडा शेजारी लिहा. बळ्ळारी नाल्याकाठी ज्यांची भातं आहेत त्यांनी तर हे कराच.

युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ (ECMWF) या हवामान अंदाज केंद्राचे नकाशे त्यांच्या स्वतःच्या पानावर खुले आहेत, तेही ताडून बघा. पेरणीच्या दिवसांतल्या फाइली मात्र आपल्याकडं जपून ठेवा. नोमॅड्सवर जुने रन फार दिवस राहत नाहीत.