नागपुरात रेडिओत यायचंय? आधी मालक कोण ते विचारा

आरजेच्या ऑडिशनला आलेली मुलं पगार विचारतात, शिफ्ट विचारतात, हल्ली रोज किती रील टाकाव्या लागतील हेही विचारतात. स्टेशन कुणाच्या मालकीचं आहे आणि तिथले कार्यक्रम कुठल्या गावात ठरतात, हे विचारणारं मात्र क्वचितच भेटतं. एकाला मीच विचारलं, तर म्हणाला, "काय फरक पडते ताई, आपल्याले माइक पायजे फक्त." फरक पडतो, आणि सगळ्यात जास्त त्या माइकसमोर बसणाऱ्यालाच पडतो.

मी सिव्हिल लाइन्सच्या आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून सुरुवात केली, पुढे खासगी एफएमवर आरजे आणि मग प्रोड्यूसर झाले. मालक बदलताना आतून पाहिलं ते नागपुरात नव्हे, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका शहरात. नाव घेत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठेही झालं असतं. आता धंतोलीत छोटा स्टुडिओ आहे, रेडिओच्या जाहिराती करून देते, त्यामुळे कुठे काय शिजतंय ते कानावर येत राहतं.

मालकी बदलली की गदा कार्यक्रमांवरच का येते, हे कळायला स्टेशनचा खर्च समजून घ्या. सरकारला दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या 4 टक्के किंवा त्या शहरासाठी एकदाच भरायच्या प्रवेश शुल्काच्या 2.5 टक्के, यांतली जी रक्कम मोठी ती द्यावी लागते. धंदा बसला तरी ती चुकत नाही. मनोऱ्याचं भाडं ठरलेलं, ट्रान्समीटरची वीज ठरलेली, गाण्यांची रॉयल्टी म्युझिक कंपन्यांना द्यायचीच. नव्या मालकाने स्टेशन घ्यायला मोठी रक्कम ओतलेली असते आणि ती त्याला वसूल करायची असते. हात घालता येईल अशा दोनच जागा उरतात, माणसं आणि स्थानिक कार्यक्रमांचे तास. आमच्याकडे नव्या व्यवस्थापनाच्या पहिल्या बैठकीत जी एक्सेल शीट दाखवली, तिच्यात पिवळे केलेले रकाने नेमके हेच होते.

नागपूरची गोष्ट यात थोडी वेगळी आहे. 2005 च्या धोरणात, म्हणजे खासगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात, एका शहराचा कार्यक्रम दुसऱ्या शहरात जोडून लावायची मुभा फक्त 'सी' आणि 'डी' वर्गातल्या लहान शहरांना होती, तीही एकाच विभागात. नागपूर वीस लाखांवरचं, 'ए' वर्गातलं शहर. मुंबईत बसून नागपूर चालवायची सोयच नव्हती. रात्री आरजे नसला तर नुसती गाणी वाजायची, पण तीही इथल्याच माणसाने लावलेली. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना पहिली नोकरी मिळाली ती या अटीमुळे, हे आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हतं. आम्हाला वाटायचं, आवाज चांगला म्हणून घेतलं.

2011 च्या धोरणाने ही अट काढली आणि 2015 पासून तिसऱ्या टप्प्याचे लिलाव झाले. कंपनीला आपला कार्यक्रम देशभरातल्या आपल्या सगळ्या स्टेशनांवर लावता येऊ लागला. एका शहरात एकापेक्षा जास्त वाहिन्या घेता येऊ लागल्या. परकीय गुंतवणुकीची मर्यादा 20 वरून 26 आणि मग 49 टक्क्यांवर गेली. स्टेशनं विकत घेण्यात आणि जोडण्यात अर्थ निर्माण झाला तो इथून. प्रत्येक कंपनी या वाटेने सारखीच धावली असं नाही. काहींनी सकाळचा शो आजही गावातच ठेवलाय, कारण सकाळी सातला शंकरनगर चौकात काय अडकलंय ते मुंबईतून सांगता येत नाही.

व्यवहारांची उदाहरणं जाहीर आहेत. नागपुरात 91.1 वर ऐकू येणारी रेडिओ सिटी सुरुवातीला स्टारच्या छत्राखाली होती, पुढे गुंतवणूक फंडाकडे गेली आणि 2015 मध्ये जागरण समूहाकडे आली. बिग एफएमची कथा लांबली. 2016 मध्ये झीशी आणि 2019 मध्ये रेडिओ सिटीच्या कंपनीशी व्यवहार जाहीर झाले, दोन्ही तडीस गेले नाहीत. 2023 मध्ये बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2024 मध्ये सफायर मीडियाच्या प्रस्तावाला मंजुरी मिळाली. मालकी मोठ्या प्रमाणात हलवायची तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते, त्यामुळे जाहीर झालेला व्यवहार वर्ष-दोन वर्षं लोंबकळू शकतो. नवशिक्यासाठी मला सगळ्यात वाईट वाटतो तो हाच काळ. भरती बंद, पगारवाढ बंद, नव्या शोची कल्पना घेऊन गेलात तर उत्तर एकच: "नवा मालक येऊ दे, मग पाहू." अशा वेळी रुजू व्हायची वेळ आली तर व्हा, पण घर बदलू नका आणि दुचाकीचा हप्ता सुरू करू नका.

व्यवहार झाल्यावर बदल एका ठरावीक क्रमाने येतात. पहिले जातात रविवार आणि रात्री. रविवारचा मराठी गाण्यांचा कार्यक्रम, लोककलावंतांच्या मुलाखती, रात्रीचा पत्रवाचनाचा शो, हे सगळं 'सध्यापुरतं' थांबतं आणि परत येत नाही. मग क्लॉक बदलतं, म्हणजे तासातल्या गाण्यांची, जाहिरातींची आणि बोलण्याची वाटणी. दोन मिनिटांची लिंक, म्हणजे गाण्यांच्या मधलं आरजेचं बोलणं, तीस-चाळीस सेकंदांवर येते. गाण्यांची यादी मुख्यालयातून सिलेक्टर या गाणी लावायच्या सॉफ्टवेअरवर तयार होऊन येते, इथल्या म्युझिक मॅनेजरच्या हाती फक्त ती उतरवून घेणं राहतं. त्यानंतर कॉपीरायटर आणि प्रोड्यूसर ही पदं एकत्र होतात, आणि एकच माणूस तीन गावांची प्रोमो लिहायला लागतो. आरजेला हात सगळ्यात शेवटी लागतो, कारण त्याचा चेहरा होर्डिंगवर असतो. म्हणून आरजेला वाटत राहतं की आपण सुरक्षित आहोत.

विक्रीत होणारा बदल बाहेरून दिसत नाही, पण कार्यक्रमांवर त्याचाच परिणाम जास्त. मोठं जाळं असलेला मालक देशभराच्या जाहिरातदाराला दहा-वीस स्टेशनं एकत्र विकतो. इतवारीतला साडीवाला, गोकुळपेठेतला मिठाईवाला, वर्धा रोडवर प्लॉट विकणारा, यांना मग सांगतात की अमुक रकमेच्या खाली घेत नाही. तो दुकानदार पत्रकं वाटायला लागतो, नाहीतर इन्स्टाग्रामवर जातो. दोन दिवाळ्यांनी मुख्यालयातून मेल येतो की नागपुरात स्थानिक धंदाच नाही, मग स्थानिक कार्यक्रम हवेत कशाला! त्यात श्रोत्यांचं रॅम नावाचं मोजमाप चालायचं ते दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळुरूत. नागपुरात किती कान तुमच्याकडे आहेत याचा आकडा मालकासमोर नसतो, असतं ते फक्त जाहिरातींचं बिलिंग. लाडका पण प्रायोजक नसलेला शो वाचवायला तुमच्याकडे पुरावाच नसतो. म्हणून फोन करणाऱ्यांची, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या व्हॉइस नोटची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. मी तारीख, मोहल्ला आणि विषय एवढंच लिहायचे. ही वही मी एकदा बैठकीत उघडली, तर शो आणखी काही महिने टिकला.

जुन्या मालकाच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. स्थानिक मालक म्हणजे स्थानिक कार्यक्रम, असं काही समीकरण नाही. गावातलाच मालक असतो तेव्हा त्याच्या मेहुण्याच्या शोरूमचं उद्घाटन तासभर चालतं आणि पगार पंधरा तारखेला होतो. आमच्याकडे नवीन व्यवस्थापन आल्यावर पीएफ नियमित झाला, नवं कन्सोल आलं, बायकांना रात्रीच्या शिफ्टनंतर गाडी मिळू लागली. हेही त्याच मालकाने केलं ज्याने रविवार कापला.

भाषेचंही असंच. नागपूरची खासगी एफएम मुख्यतः हिंदी बोलते, याचं खापर नव्या मालकावर फोडता येणार नाही. 1956 पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांच्या मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि पुढे जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, बाजाराची भाषा पहिल्यापासूनच मिसळलेली. पण मुख्यालयाच्या यादीत नागपूर 'हिंदी मार्केट' म्हणून बसलं की मराठी गाणं पहाटे किंवा सणापुरतं उरतं. मला एका वरिष्ठाने सांगितलं होतं की 'करून राहिलो' वगैरे काढून टाक, अशुद्ध वाटतं. मी काढलं नाही. ते ऐकून रिक्षावाला फोन लावायचा, आणि त्याचा फोन म्हणजेच माझा शो होता.

मग शिकायचं काय? जे दुसऱ्या गावातून करताच येत नाही ते. एका स्टेशनवर जोडून आलेला शो मृगाच्या तोंडावर पाऊस आणि कांदाभजीवर बोलत होता, आणि इथे पारा त्रेचाळीसवर, कूलरमध्ये पाणी नाही. श्रोत्याला कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत कुठून निघते आणि कुठले रस्ते बंद होतात, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे येणाऱ्यांनी गाडी कुठे लावायची, डिसेंबरात अधिवेशनाच्या काळात सीताबर्डीत मोर्चा कुठे अडवलाय, हे ज्याला बिनचूक आणि चाळीस सेकंदांत सांगता येतं त्याला काढणं मालकाला महाग पडतं. नियमही इथे कामाला येतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पण वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज यांची माहिती बातमीत धरत नाहीत. ट्राय या दूरसंचार-प्रसारण नियामकाने सप्टेंबर 2023 मध्ये दर तासाला दहा मिनिटं बातम्यांना मुभा द्यावी अशी शिफारस केलीय. पत्रकारितेची पदवी घेऊन येणाऱ्यांनी तिच्यावर लक्ष ठेवावं, तिच्या भरवशावर बसू नये.

आकाशवाणीबद्दल मुलं नाक मुरडतात. नागपूर केंद्र 16 जुलै 1948 चं. विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 ला जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूरवरून, म्हणजे आकाशवाणीच्या जाहिरात धंद्यात हे शहर अगदी आरंभापासून आहे. नैमित्तिक उद्घोषकाला महिन्यात मोजक्याच ड्युट्या मिळतात, पैसा बेताचा. तरी आवाज चाचणी द्या, आकाशवाणीचा 'वाणी' हा प्रशिक्षणवर्ग करा. उच्चार, वेळेचं भान आणि क्यूशीट, म्हणजे कधी काय लावायचं याची यादी, जशी तिथे शिकवतात तशी कुठे शिकवत नाहीत. फक्त सरकारी म्हणजे कायमचं, या समजात राहू नका. मालक न बदलताही धोरण बदलतं. 1988 मध्ये नागपूरच्या हजार किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून सुरू झालेली रात्रीची राष्ट्रीय वाहिनी काही वर्षांपूर्वी बंद झाली.

आता सही करण्याआधीचं. मिर्चीची, रेडिओ सिटीची आणि माय एफएमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. त्यांचे तिमाही निकाल फुकट वाचायला मिळतात, रेडिओचा धंदा कसा चाललाय ते त्यात दिसतं. मुलाखतीला जाण्याआधी एक संध्याकाळ त्यावर घाला. तिसऱ्या टप्प्यातले परवाने पंधरा वर्षांचे असतात. जुन्या स्टेशनांनी त्यात प्रवेश केला तेव्हा बहुतेकांची मुदत 1 एप्रिल 2015 पासून मोजली गेली, म्हणजे 2030 च्या आसपास सगळा पट पुन्हा मांडला जाईल. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं व्यवहारांच्या अफवांची असतील, हा माझा अंदाज. करारात नोटीस किती दिवसांची आहे आणि नोकरी सोडल्यावर दुसऱ्या स्टेशनवर बोलायला किती महिने बंदी आहे, ते बघा. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर नोकरीत केलेलं काम कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार मालकाचं होतं, तुमचं पात्र आणि शोचं नावही त्यात अडकू शकतं. म्हणून ऑन एअर नाव स्वतःचं खरं ठेवा. स्टेशनने दिलेलं टोपणनाव घेऊन लोकप्रिय झालेले लोक पुढच्या स्टेशनवर शून्यापासून सुरुवात करताना मी पाहिलेत. सोशल मीडियाचं खातं स्वतःच्या नंबरवर उघडा.

डेमो तीन मिनिटांचा पुरे. त्यात एक लिंक हिंदीत, एक मराठीत, आणि तुम्हीच लिहिलेली तीस सेकंदांची एक स्थानिक जाहिरात असू द्या, खऱ्या दुकानाची, दुकानदाराला विचारून. प्रोग्रामिंगवाले पहिल्या दोन लिंक ऐकतात. सेल्सवाले जाहिरात ऐकून विचारतात की हा पोरगा कुठला, आणि मालक कुणीही असला तरी त्यांचं म्हणणं आधी ऐकलं जातं.