रीड-ओन्ली झालेली लिनक्स मशीन आणि माझे वाया गेलेले तीन दिवस

टर्मिनल, सुडो, माउंट एवढं येतं असं धरून चालतो. मशीन बूट होते, लॉगिन होतं, पण साधी फाइल सेव्ह करायला गेलं की "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम". माझ्यावर ही वेळ नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात आली, आणि तेव्हा काय काय केलं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मी रीबूट केलं. चाललं की! अर्ध्या तासाने परत तेच, परत रीबूट, असा दीड दिवस. सीनिअरला विचारलं तर त्याने मान वर न करता "रीबूट मार" सांगितलं होतं. लॉग न बघता उपाय सांगणाऱ्याला विचारूच नये, मग तो कितीही वर्षं यात असो.

आता हे नीट ऐका, कारण मी इथेच आपटलो. रूट, म्हणजे सिस्टिम ज्यावर असते ती मुख्य फाइल सिस्टिम, रीड-ओन्ली झालं की लॉगसुद्धा डिस्कवर लिहिला जात नाही. नेमकं काय बिघडलं ते फक्त मेमरीत असतं, डीमेसेग (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी कमांड) मारलं की दिसतं, रीबूट केलं की गेलं. म्हणजे दर वेळी पुरावा मीच पुसत होतो आणि वर नंतर लॉगच्या फोल्डरमध्ये शोधत बसायचो की अरे इथे काहीच कसं नाही. तेव्हा आधी डीमेसेग, आणि तो पेनड्राइव्हवर घ्या, ते जमत नसेल तर सरळ मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा, हसू देत कोणाला हसायचं तर.

त्यात एक्स्ट-४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) ची एरर किंवा आय-ओ (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याची) एरर नसेल तर घाबरू नका, बहुतेक एफएसटॅबमध्ये (काय कुठे, कसं माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) काहीतरी चुकलंय. कर्नल रूट सहसा आधी रीड-ओन्लीच माउंट करतो, मग सिस्टिमडी (बूट होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) एफएसटॅब वाचून ते रीड-राइट करतं, ती ओळ गडबडली की गाडी तिथेच अडकते. हाताने रीड-राइट रीमाउंट करा, ओळ सुधारा, झालं.

पण एरर असतील तर कर्नलने मुद्दाम लिहिणं थांबवलंय. डेबियनच्या एफएसटॅबमध्ये रूटसाठी "एरर आली की रीड-ओन्ली कर" ही सेटिंग इन्स्टॉलरच टाकतो, जुन्या उबंटूतही टाकायचा. अशा वेळी रीमाउंटच्या मागे लागू नका, आणि चालू रूटवर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) तर अजिबात नको.

मी एफएससीके लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने बूट करून) केलं, तेवढं बरोबर. पण कुठूनतरी कॉपी केलेली कमांड, त्यात "सगळ्याला हो" वाला वाय. डिस्क वाचता येत नसली की एफएससीके विचारतं, एररकडे दुर्लक्ष करू का, जबरदस्तीने परत लिहू का, आणि माझ्या वतीने तो वाय धडाधड हो म्हणत सुटला. लॉस्ट-फाउंडमध्ये (नाव-पत्ता हरवलेल्या फाइली एफएससीके जिथे टाकतं तो फोल्डर) हॅशचं चिन्ह (#) आणि नुसते आकडे अशा नावाच्या फाइलींचा ढीग.

स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) मी तिसऱ्या दिवशी चालवलं, जे पहिल्या तासात चालवायला हवं होतं. त्यातले ५ आणि १९७ नंबरचे (खराब सेक्टर मोजणारे) आकडे शून्य, म्हणजे डिस्कचे सेक्टर ठीक. १९९, सीआरसी एरर (डिस्कपर्यंत डेटा जाता-येता होणाऱ्या चुका), वाढतच चाललेला. केबल! साटा केबल बदलली आणि आकडा जागेवर थांबला. (तो परत शून्य होत नाही, त्यावरून अजून एक तास गोंधळलो.)

तुमचे ५ किंवा १९७ वाढत असतील तर मात्र दुरुस्तीचा विचार सोडा, आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कवरून जमेल तेवढं वाचून घेणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा आणि एफएससीके त्या कॉपीवर, तेही पहिल्यांदा एन लावून, म्हणजे ते नुसतं बघेल, काही बदलणार नाही. वेळ लागतो, वैताग येतो, पण होतं हे, माझ्यासारख्याला जमलं.

त्या आकडेवाल्या फाइलींपैकी निम्म्या मी एकेक उघडून ओळखल्या. उरलेल्या अजून एका फोल्डरमध्ये तशाच आहेत.