भरीव बिलेटला भोक पाडायचं तर

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शेडवर हायड्रॉलिक सिलेंडरची नळी आली की होनिंगवरची (नळी आतून घासून गुळगुळीत करणारी) पोरं हमखास विचारतात, "काका, हिचा जोड कुठं आहे?" जोड नाहीच की. ती बिलेटला, म्हणजे भरीव गोल पोलादी ठोकळ्याला, भोक पाडून केलेली असते. रिटायर व्हायच्या आधी मी पुण्याकडं एका पाईप मिलमध्ये पिअर्सरवर, म्हणजे हे भोक पाडणाऱ्या मशीनवर होतो.

आधी खानापूरकडची कुंभाराची माती घ्या, जरा सुकट. बोटाएवढी वळी करून दोन फळ्यांमध्ये दाबत लाटा. टोकांना खळगा पडेल, पोटात भेग जाईल. बाहेरून दाबत फिरवलं की आतला भाग ताणला जातो. जर्मनीतल्या रेमशाइडच्या मानेसमान बंधूंनी १८८५ मध्ये पेटंट घेतलं ते याच खोडीवर.

मिलमध्ये गोल बिलेट भट्टीत साधारण १२०० ते १२५० डिग्रीवर न्यायचं. घाई इथं करायची नाही. वरून पिवळंधमक दिसतं, पोट गार असतं. एकदा शिफ्ट संपत आली म्हणून आमच्या सुपरवायझरनं बिलेट लवकर ओढायला लावलं. नळीची भिंत एका बाजूला नऊ मिलिमीटर, समोर सात! अख्खा लॉट भंगारात, आणि बोलणी खाल्ली मी.

मग दोन रोल. दोन्ही एकाच दिशेनं फिरतात, पण एकमेकांना थोडे तिरके, सहा ते बारा अंशांत बसवलेले. म्हणून बिलेट नुसतं गरगरत नाही, स्क्रूसारखं पुढंही सरकतं. रोलमधली फट बिलेटच्या व्यासापेक्षा कमी ठेवायची. बाजूनं गाईड हवेतच, नाहीतर माल भोपळ्यासारखा फुगतो.

समोर दांड्याच्या टोकाला प्लग, म्हणजे निमुळत्या नाकाची गुल्ली. लोकांना वाटतं प्लगच भोक पाडतो. पोट उघडायला तयार करतात रोल, प्लग ते मोठं आणि गुळगुळीत करतो. त्याचं नाक मागं राहिलं तर पोट आधीच फाटतं, फाटलेल्या कडा हवेनं काळवंडतात आणि आत घड्या राहतात. त्या पुढं जुळत नाहीत. फार पुढं घातलं तर बिलेट पकडतच नाही. ही जागा आवाजावरून कळायला मला दोन वर्षं लागली.

प्लगवरचा काळा पापुद्रा घासून काढू नका, तोच त्याला उष्णतेपासून वाचवतो. बाहेर येणारी नळी लाल आहे तोवरच पुढच्या मिलला द्यायची.

शेडवर नळी आली की टोकाशी चार ठिकाणी भिंत मोजा, मगच होनिंगला चढवा.