शून्य व्होल्ट म्हणजे शून्य विद्युतक्षेत्र नव्हे: क्वांटम डॉटमधील एक्सायटॉनच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील महाविद्यालयांतून एम.एस्सी. करून अर्धवाहकांच्या संशोधनाकडे वळणाऱ्या अनेकांची नॅनोकणांशी पहिली ओळख चंचुपात्रातच होते. कॅडमियम सल्फाइड किंवा कॅडमियम सेलेनाइडचे कण रासायनिक पद्धतीने तयार करायचे आणि कण लहान झाल्यावर शोषणाची कडा निळ्या रंगाकडे सरकते हे दाखवायचे, एवढे काम आपल्या प्रयोगशाळांत चांगले होते. पण याच कणांवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम पाहण्याचा विषय कुणी सुचवला, तर नोंदणीपूर्वी कागदावर एक हिशेब अवश्य करावा. खोलीच्या तापमानाला ६०० नॅनोमीटरजवळील प्रकाशउत्सर्जनाची रुंदी ३० नॅनोमीटर असेल, तर ती सुमारे १०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. चुंबकीय क्षेत्रात एक ऊर्जापातळी दुभंगते, हे झीमन विभाजन; ते किती होईल हे ठरवणारा जी-गुणक २ धरल्यास १ टेस्लाला ते सुमारे ०.१२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. हे विभाजन त्या रुंदीत शोधणे व्यर्थ आहे. म्हणूनच हे प्रयोग एकेका सुट्या क्वांटम डॉटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनला सर्व बाजूंनी कोंडणाऱ्या अर्धवाहकाच्या एकेका नॅनोकणावर, आणि द्रव हेलियमच्या तापमानाला करतात.

इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली धन जागा) यांची बद्ध जोडी म्हणजे एक्सायटॉन, हे आपल्याला ठाऊक आहेच. सलग गॅलियम आर्सेनाइडमध्ये तिची बंधऊर्जा जेमतेम ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने मध्यम विद्युतक्षेत्रातही जोडी तुटते. इंडियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये मात्र दोघांनाही भिंती अडवून धरतात, ते विरुद्ध दिशांना सरकतात पण सुटत नाहीत, आणि उत्सर्जनाची ऊर्जा खाली उतरते. हाच बंदिस्त स्थितीतील स्टार्क परिणाम. ऊर्जेतील बदलाचे दोन भाग असतात: एक क्षेत्राच्या प्रमाणात, जो जोडीच्या कायम द्विध्रुव आघूर्णामुळे, म्हणजे क्षेत्र नसतानाही दोघांत असलेल्या अंतरामुळे, येतो, आणि दुसरा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात, जो ध्रुवणक्षमतेमुळे, म्हणजे क्षेत्राने दोघे आणखी दूर सरकतात त्यामुळे, येतो.

ज्या अडचणीने मला प्रदीर्घ काळ अडवून ठेवले, ती इथेच दडलेली आहे. डॉट डायोडच्या आत असतात, आपण डायोडला व्होल्टेज देतो आणि आलेखाच्या उभ्या अक्षावर उत्सर्जनाची ऊर्जा व आडव्या अक्षावर तेच व्होल्टेज मांडून परवलय बसवतो. परंतु शॉटकी डायोडमध्ये (धातू आणि अर्धवाहक यांचा जोड) किंवा पी-आय-एन रचनेत (पी आणि एन थरांमध्ये अशुद्धी न मिसळलेला शुद्ध थर) बाहेरून काहीही न देता अंगभूत क्षेत्र असतेच. अंगभूत विभव ०.७ व्होल्ट आणि शुद्ध थराची जाडी १४० नॅनोमीटर असेल, तर शून्य व्होल्टलाही डॉटवर सेंटीमीटरला ५० किलोव्होल्ट इतके क्षेत्र असते. खरे क्षेत्र काढायचे तर अंगभूत विभवातून दिलेले व्होल्टेज चिन्हासह वजा करून जाडीने भागावे लागते. म्हणजे उलट्या बायसला (उलट दिशेने दिलेल्या व्होल्टेजला) क्षेत्र वाढते आणि सुलट्या बायसला घटते.

ही वजाबाकी वगळली तरी परवलय सुरेख बसते, आणि धोका नेमका त्यातच आहे. जाडीने भागले पण अंगभूत क्षेत्र धरले नाही, तर वर्गाच्या पदाचा गुणांक बरोबर येतो, परंतु द्विध्रुव आघूर्णात ध्रुवणक्षमता आणि अंगभूत क्षेत्र यांच्या गुणाकाराची दुप्पट मिसळते. त्यामुळे त्याचे मूल्यच नव्हे, तर चिन्हही बदलू शकते. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या गटाने २००० साली इंडियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये होल डॉटच्या शिखराकडे आणि इलेक्ट्रॉन त्याच्या खाली असतो, असा त्या वेळच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष मांडला, तो याच द्विध्रुव आघूर्णाच्या चिन्हावर उभा होता. जिथे चिन्हावरून डॉटची अंतर्रचना ठरते, तिथे आडवा अक्ष ढोबळपणे मांडणे अक्षम्य आहे. अंगभूत विभव पुस्तकातून उचलू नये, आपल्याच नमुन्याच्या धारिता-व्होल्टेज मापनातून काढावे. लेझरची शक्तीही कमी ठेवावी, कारण जास्त प्रकाशाने निर्माण झालेले विद्युतभार क्षेत्र झाकून टाकतात. ज्येष्ठ विद्यार्थ्याकडून मिळालेली वक्र बसवण्याची तयार आज्ञावली मी तरी नवख्याच्या हाती देणार नाही. पहिली दहा मूल्ये हाताने काढणाऱ्यालाच पुढे संगणकाची चूक दिसते.

चुंबकीय क्षेत्राचा भाग त्या मानाने सरळ आहे, त्याची धास्ती घेऊ नये. क्षेत्र डॉटच्या वाढीच्या दिशेने असेल, तर उत्सर्जनाच्या दोन रेषांच्या सरासरीतून प्रतिचुंबकीय सरक, म्हणजे दोन्ही रेषांची ऊर्जा मिळून वर सरकणे, मिळते आणि फरकातून जी-गुणक मिळतो. सरक क्षेत्राच्या वर्गाने वाढते. तिचा गुणांक टेस्लावर्गाला १० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर ५ टेस्लाला ती २५० मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट होते, आणि तिच्यावरून तरंगफलनाच्या आडव्या विस्ताराचा अंदाज येतो. फरकाला मात्र आरंभापासून सरळ रेषा बसवू नये. डॉट पूर्ण गोल नसल्याने विनिमय आंतरक्रियेमुळे (इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या स्पिनमधील परस्परक्रियेमुळे) शून्य क्षेत्रातही दोन रेषांत थोडे अंतर असू शकते, आणि एकूण फरक हा ते अंतर व झीमन विभाजन यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ असतो. क्षेत्र आडवे दिल्यास एरवी प्रकाश न देणाऱ्या, म्हणून न दिसणाऱ्या अप्रकाशी अवस्थाही प्रकाशी अवस्थांत मिसळून दिसू लागतात. तेव्हा जास्तीच्या रेषा आल्या म्हणून नमुना खराब ठरवू नये.

आपल्या भागात द्रव हेलियम आणि मोठे चुंबक सहज मिळत नाही, ही उणीव खरी आहे; पण तिच्यामुळे विषय सोडण्याचे कारण नाही. विद्यापीठीय संशोधकांसाठी अशी उपकरणे इंदूरच्या यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या) संशोधन केंद्रात आहेत आणि तिथे प्रस्ताव पाठवता येतो. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा ते तुमच्या आलेखातील अक्षांची एकके विचारतात का, हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. प्रस्तावात अपेक्षित विभाजन, रेषेची रुंदी आणि वर्णपटमापकाची विभेदनक्षमता या तीन संख्या एकाच एककात शेजारी शेजारी लिहाव्यात. विभाजन उरलेल्या दोन्हींपेक्षा लहान येत असेल, तर प्रस्ताव पाठवण्याआधी नमुना बदलावा.