थायरॉइडची गाठ: ऑपरेशन करायचंच असेल तर किती आणि कसं

सोनोग्राफीत थायरॉइडची गाठ दिसली म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही. शंभरातल्या नव्वदच्या आसपास गाठी साध्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या लक्ष ठेवून सोडता येतात. ऑपरेशनची वेळ येते ती मोजक्या कारणांनी: सुईच्या तपासणीत कॅन्सर किंवा त्याचा दाट संशय, निदान अडकलेलं असणं, घास अडकणं किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, छातीच्या हाडामागे उतरलेली गाठ, किंवा जास्त हार्मोन तयार करणारी गाठ.

सर्जनकडे जाताना तीन रिपोर्ट हातात हवेत. पहिला टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय हे दाखवणारी रक्ततपासणी. तो कमी आला, म्हणजे हार्मोन जास्त असण्याची शक्यता असली, तर सुईआधी थायरॉइड स्कॅन करतात, कारण जास्त काम करणारी गाठ क्वचितच कॅन्सरची असते. दुसरा मानेची सोनोग्राफी. त्यात गाठीचं माप आणि रूप यांबरोबर मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथींचा (लिम्फ नोड) उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर पुन्हा करून घ्या, कारण किती काढायचं हे त्यावर ठरतं. तिसरा एफएनएसी म्हणजे सुईची तपासणी. तिचा निकाल बेथेस्डा पद्धतीने 1 ते 6 आकड्यांत देतात. 1 म्हणजे नमुना अपुरा, तपासणी पुन्हा. 2 म्हणजे साधी गाठ. 5 म्हणजे कॅन्सरचा संशय, 6 म्हणजे कॅन्सर. गोंधळ होतो तो 3 आणि 4 मध्ये, म्हणजे पेशींवरून नक्की सांगता येत नाही तेव्हा.

बेथेस्डा 4 आल्यावर ‘पुन्हा सुई घालून पक्कं सांगा’ असा आग्रह पुष्कळ जण धरतात, पण त्याने प्रश्न सुटत नाही. फॉलिक्युलर प्रकारची साधी गाठ आणि त्याच प्रकारचा कॅन्सर यांच्या पेशी सारख्याच दिसतात. फरक असतो तो एवढाच, की पेशींनी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे की नाही. मूठभर विटा पाहून भिंतीला भगदाड पडलंय का हे कळत नाही. अख्खी भिंत पाहावी लागते. म्हणून ग्रंथीचा गाठ असलेला अर्धा भाग काढून तपासतात. काही ठिकाणी आधी जनुकीय तपासणी करून हे ऑपरेशन टाळताही येतं.

नुसती गाठ कोरून काढत नाहीत. गाठीत कॅन्सर निघाला तर त्याच जागी दुसऱ्यांदा शिरावं लागतं, आणि पहिल्या जखमेच्या चिकट ऊतीत आवाजाची नस सापडणं फार अवघड होतं. म्हणून कमीत कमी ऑपरेशन म्हणजे लोबेक्टमी: थायरॉइडच्या दोन बाजूंच्या भागांपैकी (त्यांना पाळ्या म्हणतात) गाठ असलेली पूर्ण पाळी आणि दोन्ही पाळ्यांना जोडणारा मधला पूल. फक्त मधल्या पुलात छोटी गाठ असेल तर तेवढाच पूल काढता येतो.

पूर्ण ग्रंथी काढायची ती कधी? दोन्ही बाजूंना त्रासदायक गाठी असतील, कॅन्सर 4 सेंटीमीटरहून मोठा असेल, ग्रंथीबाहेर किंवा लसिका ग्रंथींत पसरला असेल, किंवा पुढे रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन) द्यावं लागणार असेल तेव्हा. 1 सेंटीमीटरपेक्षा लहान, ग्रंथीतच असलेल्या पॅपिलरी कॅन्सरला (थायरॉइड कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) लोबेक्टमी पुरते. 1 ते 4 सेंटीमीटरच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही पर्याय योग्य असतात, आणि इथे रुग्णाने बोलायलाच हवं. पूर्ण ग्रंथी गेली की हार्मोनची गोळी आयुष्यभर लागते आणि रक्तातलं कॅल्शियम उतरण्याचा धोका येतो. अर्धी राहिली तर बहुतेकांना गोळी लागत नाही, पण पुढे दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं.

साधी म्हणून खात्री झालेली गाठ रेडिओफ्रीक्वेन्सीने जाळून लहान करता येते. पाण्याच्या गाठीत अल्कोहोल सोडतात. यात तपासायला अख्खा तुकडा मिळत नाही, म्हणून अनिश्चित गाठीसाठी हा मार्ग धरू नका.

तयारीत तीन गोष्टी चुकवू नका. हार्मोन वाढलेलं असेल तर आधी औषधांनी आटोक्यात आणणं. तसंच ऑपरेशन केल्यास थायरॉइड स्टॉर्म, म्हणजे हार्मोनचा अचानक उडालेला भडका, जिवावर बेतू शकतो. दुर्बिणीने स्वरतंतू तपासणं, विशेषतः आवाज बदललेला असेल किंवा मानेचं ऑपरेशन आधी झालं असेल तर. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे लिहून घेणं.

ऑपरेशनमध्ये खरी कसोटी दोन गोष्टींची. आवाजाची नस श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधल्या खाचेतून वर जाते, जेमतेम दोन मिलीमीटर जाडीची. पूर्ण ग्रंथी काढताना पहिल्या बाजूला नस तपासणाऱ्या यंत्रावर नसेचा सिग्नल गेला, तर दुसरी बाजू त्या दिवशी थांबवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. दोन्ही नसा बंद पडल्या तर श्वासच अडतो. सिग्नल गेला तर काय करणार, हे सर्जनला आधी विचारून ठेवा. दुसरी गोष्ट पॅराथायरॉइड, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी: मसुराच्या दाण्याएवढ्या, पिवळसर तपकिरी, साधारण चार ग्रंथी. एखादीचा रक्तपुरवठा तुटून ती काळवंडली तर तिचे मिलीमीटरभराचे तुकडे करून मानेच्या स्नायूत रोवतात.

पहिल्या 24 तासांत मान फुगून ताणली, गिळता येईना, श्वासाला आवाज येऊ लागला, तर तो आत साठलेला रक्तस्राव समजा. पट्टी वरून कोरडी असली तरी. नर्सला त्याच क्षणी बोलवा. अशा वेळी खाटेवरच टाके उघडावे लागतात.

पूर्ण ग्रंथी काढल्यावर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणं म्हणजे कॅल्शियम उतरलं. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे घरी गेल्यावर होतं. डॉक्टरांनी सांगितलेला कॅल्शियमचा जादा डोस घ्या, मुंग्या थांबल्या नाहीत किंवा हात आखडला तर लगेच रुग्णालय गाठा.

हार्मोनच्या गोळीचा, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनचा, पूर्ण डोस साधारण किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम, 60 किलोला 100 च्या आसपास. उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सकाळी हीच गोळी कॅल्शियमबरोबर घेणं: कॅल्शियम तिला आतड्यात धरून ठेवतं आणि डोस बरोबर असूनही टीएसएच चढतो. दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीलाही तेच. टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी तपासा. त्याआधीचा आकडा स्थिरावलेला नसतो. लोबेक्टमीनंतर गोळी नसली तरी ही तपासणी करायचीच, कारण उरलेली पाळी काहींना पुरत नाही.

घोगरेपणा दोन आठवड्यांनंतरही राहिला, किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर दुर्बिणीची तपासणी मागून घ्या. नस दुखावलेली असेल तर स्वरोपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.