काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा : नाशिककरांसाठी

नाशिक जिल्ह्यात अशी बरीच घरं आहेत जिथे वंशावळ लिहायला बसलं की एका नावापाशी सगळे गप्प होतात. पणजोबांना अजून एक भाऊ होता, पण तो "परागंदा झाला", "काशीला गेला", "बैरागी झाला" असं काहीतरी सांगून विषय बदलतात. खूपदा त्या माणसाला शिक्षा झालेली असते, काळ्या पाण्याची झाली तर तो परत आलाच नाही, आणि घरच्यांनी हळूहळू नाव घेणंच सोडलं. अशा माणसाचा शोध घेता येतो, पण क्रम चुकला की हाती काहीच लागत नाही. बरेच जण थेट सेल्युलर जेलची यादी उघडतात, नाव दिसत नाही म्हणून तिथेच थांबतात. तो जेल बांधून झाला १९०६ मध्ये, अंदमानात कैदी जायला लागले १८५८ पासून, आणि तिथे ज्यांची नावं कोरलीत ते राजकीय कैदी. दुष्काळात धान्याची पेव लुटणारा किंवा बांधाच्या भांडणात खून करून बसलेला शेतकरी तुम्हाला त्या भिंतीवर सापडणार नाही. म्हणून सुरुवात घरापासून करा, जेलचे कागद सगळ्यात शेवटी.

पहिलं काम म्हाताऱ्या माणसांशी बोलणं, पण "तो जेलमध्ये होता का" असं विचारू नका, समोरचा लगेच आवरतं घेतो. त्याची बायको पुढे कुठे राहिली, माहेरी गेली का, पोरं कोणी वाढवली, त्याच्या वाट्याची जमीन कोण कसत होतं हे विचारा. आत्या आणि आजीकडच्या बायका यात जास्त सांगतात, कारण मागे राहिलेल्या बाईचे हाल त्यांनी ऐकलेले असतात. तुम्हाला हवंय काय तर त्याचं नाव, बापाचं नाव, तेव्हाचं गाव, जात, आणि साधारण साल. साल कोणी आकड्यात सांगणार नाही, "मोठ्या दुष्काळात", "छपन्याच्या दुष्काळात", "प्लेगाच्या आधी" असं सांगतील. मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ ते ७८, छपन्या १८९९-१९००, आणि प्लेग इकडे १८९६ नंतर पसरला. एवढ्यावरून दहा वर्षांचा पट्टा ठरतो आणि सुरुवातीला तेवढा पुरतो.

दुसरं ठिकाण बाकी जिल्ह्यांतल्या लोकांना इतक्या जवळ मिळत नाही आणि आपल्याला मिळतं, ते म्हणजे रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या. पंचवटीत जाऊन आपलं मूळ गाव, आडनाव आणि जात सांगायची, मग तुमच्या गावाचे उपाध्याय कोण ते कळतं. अस्थी घेऊन, सिंहस्थाला, श्राद्धाला तुमच्या घरातलं कोण कधी आलं आणि तेव्हा त्यांनी कुळातली कोणकोणती नावं सांगितली ते त्या वहीत असतं. इथे नीट बघायचं ते असं की एका फेरीत चार भाऊ लिहिलेत आणि पुढच्या फेरीत तीनच, चौथ्याचं ना श्राद्ध ना पोरांची नावं. तो खड्डा कोणत्या दोन सालांच्या मधे पडलाय ते टिपून ठेवा, पुढचं सगळं काम त्यावर चालतं. बारा वर्षं वाट बघून माणूस परत आला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करायची रीत आहे, तसं काही किंवा त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली केल्याचं घरात कोणी बोललं असेल तर तेही विचारा. वही जुनी असते, त्यामुळे फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या, दक्षिणा मनापासून द्या, आणि गर्दीच्या दिवशी जाऊ नका.

मग तहसील. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून बघायला मिळतं. फेरफार, कडईपत्रक, जुने सातबारे या जमिनीच्या कागदांतलं बरंच स्कॅन झालंय आणि आपले अभिलेख या सरकारी साइटवर नाशिक जिल्हा आहे. पण फेरफार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे मिळतात, त्यामुळे १८७०-८० चा माणूस त्यात स्वतः नसणार, त्याची विधवा किंवा मुलगा असेल, आणि हिस्सा पुतण्यांच्या नावे कसा गेला ते दिसेल. गावातल्या जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टरही सोडू नका, मुलाच्या नावापुढे पालक म्हणून चुलता किंवा मामा लिहिलेला असेल तर बाप कुठे होता हा प्रश्न तिथे समोर उभा राहतो. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला सरकारने जी मोहीम काढली त्यात महसुली कागदांबरोबर पोलीस आणि कारागृहांची जुनी रजिस्टरंही तपासली गेली, त्यामुळे आधी कोणी हातात न घेतलेले कागद आता निदान कुठे ठेवलेत ते माहीत झालंय. तहसीलला गेलात की स्कॅन झालेल्या याद्या आवर्जून मागा.

हे कागद बहुतेक मोडी लिपीत. स्वतः शिकायची तयारी असेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, नाहीतर मोडी वाचक गाठा, पण त्याला अख्खा गठ्ठा देऊ नका, आधी तुमच्या आडनावाची पानं वेगळी काढा. या कागदांत सालं जुन्या कालगणनेत असतात, त्यांचा हिशोब असा, शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९, आणि वर्षाची सुरुवात वेगळ्या महिन्यात होत असल्यामुळे एखादं साल इकडे तिकडे धरायचं.

आता जी पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात ती. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधी सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी हा भाग अहमदनगरखाली, आणि मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशात म्हणजे धुळ्याकडे. पेठ तर १८७८ पर्यंत वेगळं संस्थान. त्यामुळे १८६० मधला सिन्नरचा माणूस तुम्ही नाशिकच्या कागदात आयुष्यभर शोधला तरी मिळणार नाही, त्याचा खटला नगरला चाललेला असणार. तसंच सालावरून तो कुठे पाठवला गेला त्याचा अंदाज येतो. पेशवाई १८१८ ला गेली, त्यानंतर १८३७ पर्यंत मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला जात, १८२० च्या दशकापासून सिंगापूर, पेनांग, मलाक्का या बाजूला, आणि १८५८ पासून अंदमान. दंडविधान १ जानेवारी १८६२ पासून लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या कागदात ३०२ (खून), ३९५ (दरोडा), ३९६ (दरोड्यात खून) असे कलमांचे आकडे दिसतील, आधीच्या कागदात १८२७ चे रेग्युलेशन म्हणजे तेव्हाचा कायदा आणि सदर फौजदारी अदालत म्हणजे तेव्हाचं वरचं फौजदारी कोर्ट. माणूस १८५७ ते ५९ मधे गेला असेल आणि गाव सिन्नर, संगमनेर, अकोले पट्ट्यातलं असेल तर भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक यांच्या बंडाचे कागद पहिले बघा, ४ ऑक्टोबर १८५७ ला नांदूर शिंगोट्याला भिल्लांशी लढताना पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला आणि मग दोन वर्षं तो सगळा मुलूख पेटलेला होता. १८८३ चं नाशिक गॅझेटियर ऑनलाइन फुकट आहे, तुमच्या तालुक्याची पानं वाचूनच पुढे जा.

एवढं हातात आलं की मुंबई. राज्य पुराभिलेखागार काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली की सीएसएमटीवरून चालत जाता येतं. ओळखपत्र आणि कशासाठी बघायचंय त्याचा अर्ज लागतो, पहिल्यांदा जायच्या आधी फोन करून विचारलेलं बरं. तिथे न्याय खात्याचे म्हणजे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे वर्षवार खंड मागायचे, आधी सूची, मग खंड. नाव शोधताना स्पेलिंगवर अडून बसू नका, साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, नाशिकमध्ये एस दोनदा येतो, गावाच्या शेवटी जी ए यू एम येतं. आडनाव तर बहुतेक नसतंच. "खंडू वलद राघोजी" किंवा "बिन राघोजी", म्हणजे राघोजीचा मुलगा, असा थाट असतो, बाई असेल तर "कोम" म्हणजे बायको आणि नवऱ्याचं नाव, पुढे जात, वय, गाव. म्हणूनच बापाचं नाव पहिल्या दिवसापासून हवं असं म्हणालो.

खटल्याचा निकाल हवा असेल तर ज्या सेशन्स कोर्टात चालला तिथे नकलेचा अर्ज करून बघा, पण इतके जुने कागद तिथे राहिलेले क्वचित. जास्त आशा उच्च न्यायालयाकडून, कारण १८६२ नंतर फाशीची शिक्षा त्यांनी कायम केल्याशिवाय अंमलात येत नव्हती आणि फाशीची जन्मठेप तिथे व्हायची. काही निकाल छापलेसुद्धा गेलेत, इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून आहे.

अंदमानचं स्वतःचं जुनं रेकॉर्ड १९४२ ते ४५ च्या जपानी ताब्यात बरंच गेलं, म्हणून इकडे राहिलेल्या प्रतींवरच भर द्यायचा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख पटल नावाची साइट आहे, नोंदणी फुकट, तिथे गृह खात्याची पोर्ट ब्लेअर शाखा बघा, शब्द इंग्रजीत टाकायचे, कन्व्हिक्ट, पोर्ट ब्लेअर, बॉम्बे असे, आणि साल पुढेमागे करत राहायचं. सुटकेचे अर्ज, कैद्याने बायकोला बोलवून घ्यायची मागितलेली परवानगी अशा फायली मिळतात. १८७७ चा दिल्ली दरबार आणि १८८७ ची राणीची ज्युबिली या दोन्ही वेळी कैदी सोडले होते, ती सालं नक्की तपासा. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला काही वर्षांनी तिथेच जमीन कसायला आणि लग्न करायला मुभा मिळायची, त्यांची पोरंबाळं तिथेच राहिली, म्हणजे तुमच्या पणजोबाच्या भावाचा वंश आज पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजय पुरम) असू शकतो आणि त्यांनाही आपलं मूळ गाव शोधायचं असू शकतं.

कागद सापडला की त्यातली भाषा जशीच्या तशी डोक्यात घेऊ नका. "सराईत", "दरोडेखोर जात" असे शब्द पोलिसाने आणि सरकारने लिहिलेत, आरोपीचं म्हणणं असलंच तर दोन ओळी. गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो १९५२ ला रद्द झाला, पण कागदातला डाग अजून तसाच आहे. त्या वर्षी पाऊस किती पडला, सावकाराचं कर्ज होतं का, सारा माफ झाला होता का हे त्या कागदाशेजारी ठेवून वाचा. आणि खून खरंच केला असेल तर मेलेल्याचं घरही त्याच गावात असतं, बऱ्याचदा तीन गल्ल्या सोडून. त्यांच्या आजीनेही कोणाला तरी एकटीने वाढवलंय. त्यांचं नाव सोशल मीडियावर टाकू नका, आपल्या माणसाला हुतात्मा करून फ्लेक्स लावायची घाई तर अजिबात नको.

लिहून काढताना प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून आलं ते टाका, उपाध्यायांची वही, फेरफार नंबर, खंडाचं साल, की फक्त आत्याने सांगितलं. ऐकीव आणि कागदावरचं वेगळ्या शाईत ठेवा. मग एक प्रत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा, फाइल देऊन निघून येऊ नका, शेजारी बसून वाचा, कारण पाचव्या ओळीला ते थांबवतात आणि इतकी वर्षं न सांगितलेलं बोलायला लागतात, तेव्हा वही-पेन जवळ पाहिजे.