चित्र पडद्याला नाही, लाकडाला विचारून घ्या

"काकू, आमचे पडदे मरून आहेत, मरून रंगातलं काहीतरी दाखवा." फ्रेमिंगच्या दुकानात बसलं की हे वाक्य रोज कानावर पडतं. मी आधी मोबाइल मागून घेते आणि फर्निचरचा फोटो बघते. पडदे दोन-चार दिवाळ्यांत बदलतात, कुशनची कव्हरं तर त्याआधीच. वर्षानुवर्षं जागचं हलत नाही ते लाकूड. म्हणून चित्राचं जमवायचं ते लाकडाशी.

जुन्या सागवानी पलंगा-कपाटांचं पॉलिश तांबूस मधाळ असतं. शिसवी फर्निचर काळपट, जांभळट झाक असलेलं. नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक सनमायका, पांढरा नाहीतर राखाडी. या तिघांना एकच चित्र शोभणार नाही.

वारलीचंच घ्या. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढाच तिचा मूळ रंगसंसार. आता हा गेरू आणि सागवानाचं तांबूस पॉलिश इतकं जवळचं, की लाकडी पॅनेलिंगवर वारली लावली तर चार पावलांवरून नुसता तपकिरी चौकोन दिसतो. तीच पांढऱ्या भिंतीवर, खाली राखाडी सोफा किंवा वेताच्या खुर्च्या ठेवून लावा, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर लगेच उठून येतो. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर, कापडावर आणली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या परंपरेतलं हाताचं काम डहाणू-पालघरकडे आजही मिळतं. छापील वारलीत रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते. हाताच्या कामात ती कुठे बारीक, कुठे जाड होते. जवळून बघून घ्या.

शिसवी, कोरीव कामाच्या फर्निचरला रवि वर्मांच्या छापखान्यातली जुनी चित्रं छान जातात. हा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापांमधले गडद तपकिरी, हिरवे शिसवाच्या काळोखाला धरून राहतात. मात्र खुर्चीच्या पाठीवर मोर-वेली कोरलेल्या असतील तर फ्रेम साधी हवी. नक्षीवर नक्षी चढली की नजर कुठे टेकवावी कळत नाही. उलट, सरळसोट रेषांच्या नव्या फर्निचरला गजबजलेलं चित्र चालतं. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं बघा, मोठाल्या डोळ्यांची, एका बाजूला तोंड केलेली पात्रं. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांचं 'ठाकर आदिवासी कला आंगण' आहे. त्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. कोकणात गेलात तर आवर्जून थांबा.

बुटक्या, लांब फर्निचरसाठी माझी एक लाडकी सूचना असते: सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेत इस्पिक-बदामसारखे 10 संच, प्रत्येकाचे 12 पत्ते, म्हणजे एकूण 120. त्यातले फक्त दहा राजे घ्या, सारख्या अंतरावर बसवून एकाच लांबट फ्रेममध्ये करून घ्या. बुटक्या शोकेसच्या वर ही पट्टी इतकी सुरेख बसते की वर घड्याळ लावायचा मोह होत नाही.

आता माप. सहा फुटी सोफ्यावर बारा बाय अठराची फ्रेम म्हणजे पाकिटावर तिकीट. फ्रेम धरून चित्राची रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश हवी, म्हणजे सहा फुटांना चार फूट. तेवढं मोठं परवडत नसेल तर तीन छोटी चित्रं जवळजवळ लावून ती रुंदी भरून काढा. सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर चित्र एकीकडे आणि सोफा एकीकडे दिसतो. खाली फर्निचर नसेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर. दिवाणाला वीतभर अंतराचा नियम लागत नाही. तिथे माणसं लोडाला टेकून भिंतीशी डोकं लावतात आणि तेलाचे डाग फ्रेमपर्यंत पोचतात. तिथे बसून बघा, डोक्याच्या वर चांगली मोकळी जागा सोडा. झोपाळा असेल तर चित्र त्याच्या मागच्या भिंतीवर नको, समोरच्या भिंतीवर, बसलेल्याच्या नजरेला येईल इतकं खाली.

माप मनात धरून खरेदीला जाऊ नका. वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाचं कापा, मास्किंग टेपने भिंतीवर लावा, दोन दिवस राहू द्या. सकाळच्या उजेडात आणि रात्री दिवे लावून, दोन्ही वेळा बघा. हा कागद खुपला तर चित्रही खुपणार. फुकटात कळतंय तोवर बरं.

फ्रेमच्या पट्टीबद्दल माझं मत ठाम आहे. सागवानी कपाटाशेजारी सागवानी छटेची पट्टी घ्यायची तर हुबेहूब घ्या. जमत नसेल तर सरळ काळी किंवा पांढरी. जेमतेम जुळणारी छटा सगळ्यात वाईट, दोन्ही लाकडं मळकी वाटतात.

कागदावरच्या चित्राला काच लागतेच, पण काच कागदाला चिकटू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घ्या, तोही आम्लविरहित. पावसाळ्यात काचेला टेकलेला रंग उचलला जातो, आणि मग माझ्याकडे आणूनही काही उपयोग नसतो. मुंबई-कोकणात पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदी चित्र लावूच नका. नाइलाज असेल तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराच्या छोट्या गोट्या चिकटवा, भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. जलरंगांवर थेट ऊन पडत असेल तर ते विटणारच, खिडकीसमोरची भिंत तैलचित्राला द्या.

आणि मोठी फ्रेम एका खिळ्यावर टांगू नका, झाडताना फडका लागला की तिरकी होते. दोन हुक, दोन्ही लेव्हलने. पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतील तर सुताराला आधीच सांगा, त्यांना वेगळे प्लग लागतात, साधा खिळा चार महिन्यांत ढिला होतो.